विश्रांतीचा रकाना

एक मिनिट जोरात ओढायचं, दोन मिनिटं थांबायचं, अशा आठ फेऱ्या. म्हणजे रोजची चोवीस मिनिटं, आणि त्यातली सोळा नुसती बसून काढायची. ओढायचं काम नवऱ्याचं होतं. बसायचं कामही खरं तर त्याचंच, पण त्या वेळात नाडी मोजायला आणि वहीत लिहायला तिलाही शेजारच्या स्टुलावर बसावं लागायचं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. बसणं हा प्रकार तिला कधी जमलाच नव्हता.

तिला सासरी आल्यापासून भिंगरी म्हणत. नाव ठेवलं होतं नणंदेनं. जेवताना चारदा उठणारी, पाहुणे आले की त्यांच्या पायाखालची सतरंजी झटकणारी, टीव्ही उभ्यानं बघणारी बाई म्हटल्यावर दुसरं काय नाव ठेवणार. शिवणाच्या दुकानातही ती मशीनवर कमी आणि कापायच्या टेबलाशी जास्त असायची, कारण टेबलाशी उभं राहता येतं. पडदे, गणवेश, खुर्च्यांच्या गाद्या, जे येईल ते कापायची. कापड बघायची तिची एक पद्धत होती. दोन्ही हातांनी ताणायची आणि अंगठा फिरवायची. कुठे धागा सुटलाय, कुठे वीण विरळ आहे, अंगठ्याला आधी कळायचं, डोळ्यांना मागाहून.

नवरा अगदी उलट. तो बंदरात क्रेन चालवायचा. जमिनीपासून बारा-तेरा मजले वर, काचेच्या खोलीत, सव्वीस वर्षं एका जागी बसून. खालचे लोक त्याला घार म्हणायचे. जहाजातून पेटी उचलायची, धक्क्यावर उतरवायची, पुढची पेटी येईपर्यंत शांत बसायचं. घरीही तसाच. एकदा खुर्चीत बसला की घरातल्या फर्निचरमध्ये धरायचा त्याला.

आणि नेमकी त्या काचेच्या खोलीतच त्याच्या छातीत कळ आली होती. त्याला आता दीड महिना झाला होता. शिरेत जाळी बसवली, गोळ्या सुरू झाल्या, रंग परत आला. पण बंदराच्या वैद्यकीय विभागाचा नियम स्पष्ट होता. आठ आठवडे नोंदवलेला व्यायाम, त्यावर फिजिओथेरपिस्टची सही, त्यावर हृदयाच्या डॉक्टरांची सही, मग पुन्हा वर. सही मिळाली नाही तर खाली, गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. तेही निवृत्तीपर्यंत.

‘मी काय नंबर लिहिणार,’ नवरा म्हणाला होता. ‘मला खालून काही दिसत नाही.’

रोइंग मशीन नणंदेकडून आलं. तिनं ते कधी काळी वजन उतरवायला घेतलं होतं, वजन काही उतरलं नाही, आणि गेली चार वर्षं त्याच्यावर टॉवेल वाळत होते. मशीन गाडीत चढवताना ती भिंगरीला म्हणाली, ‘वहिनी, चालवा, पण टॉवेलांची सोय मात्र माझी गेली हो.’ ‘वन्सं, दोरी घेऊन देते तुम्हाला,’ भिंगरी म्हणाली. तेवढंच त्या दिवसांतलं हसणं.

मशीन मागच्या खोलीत खिडकीसमोर लावलं. लांब रूळ, त्यावर घसरणारी सीट, समोर पंख्याची पेटी, तिच्यातून साखळी निघालेली आणि साखळीला दांडा. पाय पट्ट्यांत अडकवायचे आणि दांडा छातीकडे ओढायचा, की पंखा घुमायचा आणि स्क्रीनवर मीटर वाढायचे. पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टनं सगळं समजावून सांगितलं होतं. तरुण मुलगी होती, दोघांना काका-काकू म्हणायची, पण कामात पक्की. छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा तिनं आधी दिला होता. नवऱ्याच्या अंगावर त्यानं पुरळ उठलं, मग तिनं सांगितलं, हातानं मोजा. विश्रांतीच्या दोन मिनिटांतले शेवटचे पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं. स्वतःच्या हातानं नवऱ्याला मोजता येईना. सव्वीस वर्षं लोखंडी दांडे धरून बोटं अशी निबर झाली होती की त्यांना नाडी लागतच नव्हती. मग ते काम तिच्याकडे आलं.

‘काकू, असं, दोन बोटं ठेवायची,’ असं म्हणून ती मुलगी दाखवत होती तेव्हा भिंगरी ‘हो हो, कळलं’ म्हणत नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याचे ओठ जरा काळसर दिसताहेत का, हे तिला बघायचं होतं. ओठ ठीक होते. दाखवणं तेवढ्यात होऊन गेलं.

वही तिनं स्वतः बांधली. लांबट रजिस्टर, वर जाड कापडाचं कव्हर, पेन अडकवायला पट्टी. रकाने आखले. तारीख, फेरी, मीटर, विश्रांतीनंतरचे ठोके, शेरा. शेऱ्यात काय लिहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून जे मनात येईल ते ती लिहायची. ‘खिडकी उघडी होती.’ ‘दूध उतू गेलं.’ ‘ह्यांनी आज दाढी केली नाही.’

‘हे कशाला लिहितेस?’ नवऱ्यानं विचारलं.

‘रकाना मोकळा सोडू?’

त्यानं दांडा धरला.

रोज सकाळी सव्वासातला असं चालायचं. मिनिटभर पंख्याची घरघर. मग दांडा जागेवर, घरघर हळूहळू मावळायची आणि ती दोन मिनिटं सुरू व्हायची. नवरा हात मांडीवर टाकून खिडकीबाहेर बघत बसायचा. समोरच्या इमारतीची गच्ची, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, दुसरं काहीही नाही, पण तो बघायचा. तिचा मात्र स्टुलावर नुसता जीव वरखाली व्हायचा. गॅस बंद केला का. त्याचा श्वास मोठा येतोय का. कपाळावरचा घाम साधा की थंड. सीटची चाकं करकरताहेत, तेल द्यायला हवं. गोळी सकाळची दिली ना. दिली. नक्की दिली ना. मग घड्याळाचा काटा पंचेचाळिसावर आला की ती त्याचं मनगट हातात घ्यायची, अंगठा टेकवायची आणि मोजायची. अंगठ्याइतका तिचा कशावरच भरवसा नव्हता. अंगठ्याखाली ठोके ठणठणीत लागायचे. सव्वीस. म्हणजे एकशे चार.

पहिल्या आठवड्यात शंभर, एकशे चार असं चाललं होतं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती की सुरुवातीला असं असतं, हळूहळू शंभराच्या आत येईल. मीटर छान वाढत होते. मिनिटाला एकशे पासष्टवरून एकशे बहात्तर, मग एकशे ऐंशी. ठोके मात्र हट्टाला पेटल्यासारखे उलटे निघाले. एकशे आठ. एकशे बारा. चौथ्या आठवड्यात एका सकाळी थेट एकशे चोवीस. आणि गंमत अशी की पहिल्या फेरीला जेवढे, आठव्या फेरीलाही जवळजवळ तेवढेच.

पाचव्या आठवड्यात वही घेऊन दोघं दवाखान्यात गेली. फिजिओथेरपिस्टनं पानं उलटली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ‘आल्या आल्या काकांची नाडी अडुसष्ट होती. म्हणजे बसलेलं असताना सगळं ठीक आहे. व्यायामानंतर मात्र खाली उतरत नाही. गोळी चालू असताना एवढे ठोके?’ तिनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी गोळी दीडपट केली.

बाहेर पडताना नवरा वही काखेत धरून पुढे चालू लागला. भिंगरीच्या मनात मात्र एक गोष्ट आली, आणि ती आली म्हणून तिची तिलाच लाज वाटली. असंच चालू राहिलं तर हे वर जाणार नाहीत, असं तिच्या मनात आलं. आणि कित्येक दिवसांनी तिला त्या रात्री शांत झोप लागली.

दीडपट गोळीनं नवरा सुस्तावला. खुर्चीतून उठला की क्षणभर भिंत धरून उभा राहायचा. अंघोळीला दार लोटून घ्या, कडी लावू नका, असं तिनं सांगितलं तेव्हा तो निमूटपणे बरं म्हणाला. बायकोचं ऐकणारा माणूस नव्हता तो. म्हणजे ऐकायचा, पण थोडी कुरकुर केल्याशिवाय नाही. आता कुरकुर संपली होती. दांडा ओढताना त्याचे डोळे स्क्रीनवर नसायचे, तिच्या पेनावर असायचे.

‘किती?’

‘एकशे सोळा.’

‘काल?’

‘काल पण.’

मग तो हळूच आपल्या छातीवर हात ठेवायचा, शर्टाचं बटण लावत असल्यासारखा. तिला ते दिसायचं. आणि पुढच्या फेरीला आकडा एकशे वीस निघायचा.

सातव्या आठवड्यात एका दुपारी ती दुकानातून जरा लवकर आली. नवरा फोनवर बोलत होता, तिच्याकडे पाठ होती. पलीकडे क्रेनवरचाच कुणी सहकारी असावा. ‘माझी वरची गादी तू घेऊन टाक,’ तो सांगत होता. ‘चांगली आहे. घरी शिवलेली आहे. नव्या माणसाला पाठीला त्रास नको.’

ती गादी तिनं शिवली होती. दोनदा उसवून, त्याची पाठ टेपनं मोजून, कमरेपाशी जास्तीचा कापूस भरून. ती दारातच थांबली. मग चपला न काढता स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली. हवं तसं होत होतं ना सगळं. मग रडायला कशाला येत होतं, हे तिचं तिलाच कळेना.

आठव्या आठवड्याची शेवटची भेट. फिजिओथेरपिस्टनं या खेपेला वही टेबलावर उघडी ठेवली आणि शेजारी एक कागद. त्यावर तिनं दोन रेषा काढल्या होत्या, एक मीटरची, एक ठोक्यांची. दोन्ही वर चढत होत्या.

‘काका, हे मला पटत नाही,’ ती म्हणाली. ‘हृदय असं बिघडत असतं तर मीटर वाढले नसते. काकू, या तारखेला काय झालं होतं? एकशे चोवीस आहेत.’

भिंगरीनं शेरा वाचला. ‘हेल्मेट धुतलं.’

‘कुणी?’

‘ह्यांनी. बंदराचं हेल्मेट माळ्यावर होतं. काढून धुतलं आणि दाराशी वाळत ठेवलं.’

‘आणि इथे? एकशे वीस.’

‘“वारा फार होता,”’ भिंगरीनं वाचलं.

‘आणि या रविवारी अठ्ठ्याण्णव... नाही, शहाण्णव. अख्ख्या वहीत शंभराच्या आत हा एकच दिवस.’

शेरा होता, ‘वन्सं आल्या होत्या. हे झोपाळले. वर जायचा विषय निघाला नाही.’

मुलीनं वहीवरची नजर उचलली आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग नवऱ्याला दवाखान्यातल्या मशीनवर बसवलं. त्याच्या बोटाला ठोके दाखवणारा चिमटा लावला, आकडा आपल्याकडे वळवून घेतला आणि म्हणाली, ‘काकू, तुम्ही घरी करता तसंच करा. मी मध्ये बोलणार नाही.’

मिनिटभर घरघर झाली. दोन मिनिटं सुरू झाली. भिंगरी स्टुलाच्या कडेवर टेकली. आज सही होणार की नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. व्हावी की न व्हावी, हेही धड ठरत नव्हतं. काटा पंचेचाळिसावर आला. तिनं मनगट धरलं, अंगठा टेकवला.

‘एकतीस,’ ती म्हणाली. ‘एकशे चोवीस.’

मुलीनं चिमट्याचा आकडा तिच्याकडे वळवला. अठ्ठ्याऐंशी.

‘तुमचं यंत्र बिघडलंय,’ भिंगरी म्हणाली.

‘काकू, हे कुठलं बोट आहे?’

‘अंगठा.’

‘अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणून मी दोन बोटं ठेवा म्हटलं होतं. अंगठा ठेवला आणि दाबला की आपलेच ठोके आपल्याला लागतात.’ तिनं नवऱ्याच्या बोटाचा चिमटा काढला आणि भिंगरीच्या बोटाला लावला. ‘हलू नका हं.’

ती हलली नाही. आकडा जरा डळमळला आणि स्थिर झाला. एकशे बावीस.

आठ आठवडे, छप्पन्न दिवस, रोज आठ फेऱ्या. जवळजवळ साडेचारशे वेळा तिनं त्याचं मनगट धरून स्वतःचं काळीज लिहून ठेवलं होतं. आणि त्या आकड्यांवर त्याला दीडपट गोळी चारली होती. भिंतीला धरून उभा राहणारा नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं.

‘काका ठणठणीत आहेत,’ मुलगी शेवटी म्हणाली. ‘गोळीचं मी आत्ताच डॉक्टरांशी बोलते. दोन आठवडे पुन्हा नोंद करू, चिमटा मी देते. पण काकू, तुमचं हे कधीपासून आहे?’

‘कुठे काय. मला काय झालंय.’

‘बसल्या जागी एकशे बावीस आहेत.’

नवऱ्यानं तोवर वही ओढून घेतली होती. पहिल्या पानापासून तो शेरे वाचत होता. एकेका ओळीवर बोट ठेवून, आधी शेरा आणि मग शेजारचा आकडा. दूध उतू गेलं, एकशे आठ. गोळी दिली की नाही आठवत नाही, एकशे बारा. हेल्मेट धुतलं, एकशे चोवीस.

घरी आल्यावर तो मागच्या खोलीत गेला आणि मशीनच्या सीटवर बसला, पाय पट्ट्यांत न अडकवता. ती दारात उभी राहिली. हातात झाडणं होतं. कशाला घेतलं होतं कुणास ठाऊक.

‘मुद्दाम केलंस?’ त्यानं विचारलं. आवाज चढवला नव्हता, आणि म्हणून तिला जास्त लागलं.

‘नाही. शपथ घेऊन सांगते. मला अंगठ्याचं ठाऊकच नव्हतं.’ ती थांबली. इथेच तोंड मिटलं असतं तर निभावलं असतं. ‘पण आकडा वाईट आला की मला बरं वाटायचं. तेवढं खरं आहे. तुम्ही घाबरायचात ते दिसत होतं मला, तरी वाटायचं. तुम्ही गादी देऊन टाकलीत त्या दिवशीसुद्धा.’

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

‘मला खाली बसवलं असतंस तू,’ तो म्हणाला. ‘गेटवर.’

‘हो. बसवलं असतं.’

‘का?’

‘का म्हणून काय विचारता. तुम्हाला खाली कसं आणलं ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे.’

आणि मग साडेतीन महिने जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं, दारात उभ्याउभ्या, झाडण्याची पिसं ओढत. तिला दुकानात फोन आला तेव्हा तो अजून वरच होता. ती पोचली तेव्हाही वरच होता. जिन्यानं झोपवून आणता येईना, म्हणून दुसऱ्या क्रेननं पाळणा वर पाठवला होता, माणसं उचलायचा लोखंडी पाळणा. त्यात त्याला बांधून आडवं ठेवलं होतं. वारा होता. पाळणा खाली येताना गोल फिरत होता, आणि मध्येच थांबत होता, आणि पुन्हा फिरत होता. गेटवरचा माणूस तिला बसा बसा म्हणत होता, खुर्ची देत होता. ती बसली नाही. बसलं आणि त्याच क्षणी दोर सुटला तर, असं तिला वाटत होतं. आपण उभे आहोत तोवर तो दोर धरलेला आहे, असं काहीतरी वेड्यासारखं.

‘किती वेळ?’ नवऱ्यानं विचारलं. हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं.

‘बेचाळीस मिनिटं.’

‘मला त्यातलं काही आठवत नाही. मी डोळे मिटून होतो.’

‘माझे उघडे होते,’ ती म्हणाली.

तो उठला. उठताना भिंत धरली, सवयीनं. तिच्या हातातलं झाडणं काढून घेऊन कोपऱ्यात ठेवलं. मग इतकंच म्हणाला, ‘जड पेटी खाली टेकवायलाच वेळ लागतो. घाई केली की फुटते.’ ती पेटीबद्दल ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हती, तरी तिनं ऐकून घेतलं.

पुढचे दोन आठवडे चिमट्यानं नोंद झाली. ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. गोळी पूर्वीइतकी झाली आणि नवऱ्याची कुरकुर परत आली. भाजीत मीठ कमी आहे, वर्तमानपत्र कुणी चुरगाळलं. फिजिओथेरपिस्टनं सही केली, डॉक्टरांनी सही केली. त्याच डॉक्टरांनी भिंगरीलाही तपासलं. रक्त, हृदयाचा आलेख, सगळं नीट निघालं. यंत्र शाबूत आहे, नुसतं थांबत नाहीये, असं ते म्हणाले. फिजिओथेरपिस्टनं औषध म्हणून जे लिहून दिलं ते वाचून नणंद फोनवर पोट धरून हसली. एक मिनिट ओढायचं, दोन मिनिटं थांबायचं, आठ फेऱ्या.

‘वहिनी, ओढाल हो तुम्ही,’ ती म्हणाली. ‘थांबायचं कोण शिकवणार?’

वही नवऱ्यानं उलटी करून मागच्या बाजूनं सुरू केली. रकाने त्यानंच आखले, वाकडेतिकडे, आणि वर लिहिलं, भिंगरी. शेऱ्याचा रकाना बाकीच्यांपेक्षा दुप्पट रुंद ठेवला होता.

आणि तो सोमवार आला. नवरा साडेसहाला निघाला, धुतलेलं हेल्मेट काखेत, नवी गादी पिशवीत. तिनं रविवारी दिवसभर बसून शिवलेली. बसून, हे इथे नमूद करायला हवं. दारात तो म्हणाला, ‘येतो.’ तीही ‘या’ म्हणाली. चेहरा जागेवर ठेवला होता तिनं, तेवढं शिवण तिला येत होतं.

सव्वासातला ती मशीनवर बसली. पहिली फेरी, एकशे एकवीस मीटर. दोन मिनिटं कशीबशी काढली, त्यात दोनदा पाय पट्टीतून सुटले, म्हणजे तिनं सोडवले. चिमटा होता, पण तिनं दोन बोटं ठेवली, स्वतःच्या मनगटावर. तेहेतीस. लिहिलं, एकशे बत्तीस. शेरा, ‘आता जिना चढत असतील.’ दुसरी फेरी, एकशे अठरा मीटर. एकशे अठ्ठावीस. ‘अजून चढत असतील. किती पायऱ्या आहेत ते कधी विचारलं नाही.’ तिसऱ्या फेरीनंतर दोन मिनिटं संपायला आली, तिनं मनगट धरलं, मोजलं, आकडा लिहिला, आणि फोन वाजला.

‘पोचलो वर,’ नवरा म्हणाला. मागे वाऱ्याचा सूं सूं आवाज होता.

‘हं.’

‘गादी चांगली झालीय. कमरेला बरोबर बसते.’

‘हं.’

‘आकडा किती?’

तिनं वहीकडे बघितलं. शहाण्णव म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आणि वरून वही काही दिसत नव्हती. ‘एकशे वीस,’ ती म्हणाली.

‘कितवी फेरी?’

‘तिसरी.’

‘मग पुढची लगेच सुरू करू नकोस. अजून दोन मिनिटं बस. खाली जहाजाची झाकणं उघडेपर्यंत मला काम नाही. मी आहे फोनवर.’

‘बोलायचं काय?’

‘काही नाही. बसायचं.’

तिनं फोन रुळावर उभा करून ठेवला. गॅस बंद होता का, असं मनात आलं. ती उठली नाही. समोरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, तीन, त्यातल्या एकीचं झाकण तिरकं होतं. हे तिनं आजवर बघितलंच नव्हतं. तो रोज हेच बघत असणार. फोनमधून वारा येत होता आणि मध्येच तो घसा साफ करायचा, म्हणजे होता.

काटा पंचेचाळिसावर आला. तिनं दोन बोटं टेकवली.

‘किती?’

‘एकशे बारा. हळू उतरतंय.’

‘उतरू दे,’ तो म्हणाला.

तिनं वहीत एकशे वीसच्या पुढे एकशे बारा लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, ‘फोन चालू आहे.’ मग पेन पट्टीत अडकवलं आणि ती बसून राहिली.